मेडलाच्या कडेवर नाव असतं

मी मूळचा पाटोद्यापासून दोन कोसांवरच्या वाडीचा. छप्पन सालात आमच्या आज्यानं दीक्षा घेतली, तवापासून आमच्या घरात देव्हारा न्हाई पण पुस्तकांची फळी हाय. आज्याला स्वतःला अक्षर येत न्हवतं, तरी बाजारातून येताना रद्दीतलं एखादं पुस्तक घेऊन यायचा अन् माझ्या बापाला म्हणायचा वाच मोठ्यानं, आणि बाप वाचायचा, मग ती कादंबरी असो का विहिरीवरचं इंजन दुरुस्त करायचं पुस्तक असो, घरातली सगळी माणसं कान देऊन ऐकायची. तिथून मला वाचायची खोड लागली ती अजून सुटली न्हाई. कुणी म्हणतं मास्तर तुमी लई शिकलेले दिसता, मी म्हणतो दहावी नापास हाय, पण इंजन दुरुस्त करता येतं.

शिवणकाम शिकलो पाटोद्यात रहीमचाचाकडं. चाचा कमी बोलायचे. नवा सदरा घालून गिऱ्हाईक आरशापुढं फुगून उभं राहिलं की चाचा म्हणायचे काढ, उलटा कर, आतनं बघू दे, पुढून काय, इस्त्री मारली की सगळेच नवरदेव दिसतात. मग नगरला भरती निघाली, त्यात टेलरची जागा व्हती, सगळ्यांना पळायला लावलं तसं मला पण पळवलं, पण शेवटी साहेबानं माझ्यापुढं एक कोट टाकला अन् म्हणाला काज कर. मी काज केलं. सतरा वर्षं पलटणीत मी काजंच केली. जोधपूरच्या वाळूत केली, वर बर्फात केली, बर्फात बोटं आकडायची, सुई हातात धरली का न्हाई ते डोळ्यानं बघावं लागायचं. माझ्या हातून एक पण माणूस मेला न्हाई, पँटी मात्र किती आखूड झाल्या त्याला मोजदाद न्हाई. हे मी आधीच सांगून टाकतो, कावून की पुढं माझा पण सत्कार झाला.

रिटायर होऊन आलो अन् बसस्टँडच्या मागं दुकान टाकलं. शाळेचे गणवेश, पोलिसांच्या वर्द्या, अन् वर्षातून दोनदा मेडलं. आता मेडलाचं काम म्हणजे काय ते सांगतो ताई, हे पण लिहून घ्या, त्याशिवाय तुमाला पुढचं कळायचं न्हाई. फौजीला नऊ वर्षं झाली की एक मेडल मिळतं, उंच डोंगरावर राहिला की एक, असं करत रिटायर व्हईस्तोवर तीन-चार जमतात. चांदीवानी दिसतात, चांदीची नसतात. घरी आली की पेटीत पडतात, वरची कापडी फीत कुजती, मेडल काळं पडतं, मग झेंड्याचा दिवस जवळ आला की फडक्यात गाठ मारून माझ्याकडं आणतात. मी जुनी फीत काढतो, मेडल रिठ्याच्या कोमट पाण्यात टाकतो, पुसतो, नवी फीत घालतो अन् सगळी एका ओळीत जाड पट्टीवर टाके घालून पक्की बसवतो. ती पट्टी छातीवर लावायची. नऊ वर्षांचं मेडल सगळ्यांचं सारखंच, दोघांची शेजारी ठेवली तर वळखू येत न्हाईत. फरक कुठं असतो, तर कडेला. नाण्याला कड असती तशी मेडलाला कड असती, तिच्यावर बारीक इंग्रजी अक्षरांत नंबर, हुद्दा अन् नाव कोरलेलं असतं. भिंगाशिवाय वाचता येत न्हाई. लई फौजींना हे म्हाईत पण नसतं. मला म्हाईत व्हतं, अन् त्याचा मला ताठा व्हता, आज कबूल करतो.

माझा स्वभावच संशयी. स्टेजवर कुणी हार घेऊन उभं राहिलं की सगळे माणसाकडं बघतात, मी हाराकडं बघतो, सकाळचा हाय का कालच्या कार्यक्रमातला उरलेला. तर दोन वर्षांमागं बीडच्या एका भाऊंनी पाटोद्यात माजी सैनिकांचा गौरव सोहळा ठेवला. भाऊंचं नाव नका विचारू. निवडणूक तोंडावर आली की फौजींची आठवण येणारे जे भाऊ असतात त्यातले एक. प्रत्येक फौजीला एक गौरव पदक अन् एक गौरव नाणं द्यायचं ठरलं. नाणं म्हणजे सरकारी न्हवं, पितळेचं, बशीएवढं म्हणलं तर जरा जास्त व्हईल पण तळहात झाकायचा. एका बाजूला बंदूक घेतलेला जवान, दुसऱ्या बाजूला भाऊ. जवानाचं तोंड हेल्मेटात झाकलेलं, भाऊंचे दात पण मोजून घ्या. मी विचारलं, यातला देशासाठी झिजलेला कुठला? कार्यकर्ता म्हणाला मास्तर तुमी प्रत्येक गोष्टीत खोडा घालता.

पण मला खरं वंगाळ वाटलं ते प्रदर्शनाचं. फौजींची खरी मेडलं आठ दिवस आधी जमा करायची, लाल मखमलीवर मांडायची, अन् कार्यक्रम झाला की ज्याची त्याला परत. हे काम दिलतं संतोषला. संतोषचं दुकान माझ्या समोरच, रस्त्याच्या पलीकडं. फलक छापतो, नावाच्या पाट्या करतो, शाळेच्या स्पर्धांचे कप अन् मेडलं पुरवतो. पोरगा तसा सरळ, चाळिशीचा व्हईल आता. पण माझ्या डोक्यात किडा वळवळला. मी कुठंतरी वाचलं व्हतं की मोठ्या शहरात शौकीन लोक जुनी मेडलं विकत घेतात. वाचायची खोड अशी पण नडती. मी माझी मेडलं दिली न्हाईत, अन् दिसंल त्याला सांगितलं, देऊ नका बे, परत येताना तेच येतंय का बघा. लोक म्हणाले मास्तरचं नेहमीचंच हाय.

सत्यभामाबाईंनी दिली. शेजारच्या गावच्या त्या, त्यांचे मालक हवालदार लक्ष्मण, वारून सहा वर्षं झाली. तीन मेडलांची पट्टी, मीच बसवलेली. बाई ती पट्टी दर दसऱ्याला काढायच्या, चिंचेनं घासायच्या, हळदीकुंकू लावायच्या अन् परत पेटीत ठेवायच्या. लक्ष्मणचा वर्दीतला एक पण फोटो त्यांच्याकडं न्हवता, घर गळालं त्यात सगळे गेले, म्हणून नवऱ्याची फौज म्हणजे त्यांच्यासाठी ती पट्टीच.

सोहळा झाला. निवेदक असा काही वरडत व्हता की समोरच्या झाडावरचे बगळे उठून गेले. माझं नाव पुकारलं अन् म्हणाला, सीमेवर शत्रूशी दोन हात करणारे आपले किसनराव! मी मनात म्हणलं दोन हात केले खरे, पण मशिनीवर. भाऊंनी गळ्यात पदक घातलं. उतरता उतरता मी त्याची कड बघितली. कोरी. कुणाचंच नाव न्हाई, कुणाला पण घाला, उरलं तर पुढच्या सोहळ्याला घ्या. मग मी खिशातनं भिंग काढलं अन् मेडलं परत देत व्हते त्या टेबलापाशी जाऊन उभा राहिलो, कुणी सांगितलं न्हवतं, माझं मीच. ज्याला परत मिळंल त्याला म्हणायचो दाखवा, कड बघू. सात-आठ जणांची बघितली, बरोबर निघाली, खरं सांगतो, प्रत्येक बरोबर निघाल्यावर मला जरा वाईटच वाटत व्हतं. मग सत्यभामाबाई आल्या. नऊ वर्षांचं मेडल भिंगाखाली धरलं तर नाव लक्ष्मणचं न्हाई, यशवंत म्हणून कुणाचं. बाई म्हणाल्या अगं बया, हा तर तेलगावचा यशवंत, ह्यांचा पलटणीतला दोस्त, त्याचं हिकडं कसं आलं?

मी संतोषला हाक मारली, इकडं ये बे, हे कुणाचं मेडल हाय? तो म्हणाला मावशीचं. मी म्हणलं वाच. त्यानं वाचलं अन् त्याचं तोंड उतरलं, उतरणारच, पण मला वाटलं चोर सापडला. तो म्हणाला मास्तर, मी पट्टीला चिठ्ठी बांधून ठेवलती, जशी आली तशी दिली. मी म्हणलं तुझ्या दुकानात मेडलांची खोकी भरलेली हायती, तुला हे हिकडचं तिकडं करायला कितीसा वेळ लागतो? तो म्हणाला अहो ती कबड्डीची हायती! लोक हसले, अन् हसता हसताच एकानं त्याची कॉलर धरली. दुसऱ्यानं मोबाईल वर केला. बाई रडायला लागल्या, माझं माणूस विकलं रे मेल्या, म्हणल्या. भाऊंना कळलं तसं ते स्टेजवरून उतरता उतरता म्हणाले, त्या माणसाचा अन् आमचा संबंध न्हाई. आठ दिवस त्याच्याकडनं फुकटात मखमल अंथरून घेतली, अन् एका मिनिटात संबंध न्हाई.

संध्याकाळच्या आत व्हिडिओ बीडपर्यंत गेला. मेडल चोर, असं खाली लिहिलेलं. दोन शाळांनी त्याच्याकडचं काम काढून घेतलं. त्याची बायको अंगणवाडीत हाय, तिला बायका विचारायच्या, घरी किती मेडलं हायती गं? संतोष रोज दुकान उघडायचा अन् बसून राहायचा. मी माझ्या मशिनीवरनं बघायचो, अन् मला, खोटं कशाला बोलू, बरं वाटायचं. बाईंनी पट्टी माझ्याकडं ठेवलती, पुरावा म्हणून. माजी सैनिकांच्या ग्रुपवर मी लिहिलं, मी यशवंतला भेटून त्याची तक्रार घेऊन येतो, मग पोलिसात जाऊ.

गेलो तेलगावला. पाटोद्यावरनं बीड, बीडवरनं तेलगाव, दोन्हीकडं उभं राहून. यशवंत उसाच्या बांधाला बाजेवर बसलेला, ऐंशीच्या घरात, एका डोळ्यात फूल पडलेलं. मी म्हणलं मी पाटोद्याचा टेलर, तुमच्या मेडलाबद्दल आलोय, तुमी प्रदर्शनाला कुणाकडं दिलतं? तो म्हणाला, कुठलं प्रदर्शन? मला कुणी बोलावलंच न्हाई, माझी मेडलं तर पेटीत हायती. मी म्हणलं सगळी? तो म्हणाला सगळी, बघायची का? सुनेला हाक मारली, पेटी आणली, पट्टी काढली. मी भिंग लावलं. नऊ वर्षांच्या मेडलावर लक्ष्मणचा नंबर, लक्ष्मणचा हुद्दा, लक्ष्मणचं नाव.

ताई, तेव्हा मी ती पट्टी उलटी केली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मागं टाके निळ्या दोऱ्याचे. मग पिशवीतनं सत्यभामाबाईंची पट्टी काढली अन् ती उलटी केली. तिचे पण टाके निळ्या दोऱ्याचे. टाका कापल्याशिवाय मेडल निघत न्हाई, अन् दोन्हीकडचा एक पण टाका कापलेला न्हवता, गाठ माझी, दोरा माझा, बसवल्यापासून त्याला कुणी सुई लावली न्हवती. जन्मभर शिवण आतनं बघा म्हणून चाचांनी माझं डोकं खाल्लं, अन् मी त्या दिवशी गावासमोर कड वाचली, नाव वाचलं, माणसाची कॉलर धरायला लावली, अन् टेलर असून टाका बघितला न्हाई.

मग सगळं आठवलं. तेरा वर्षं झाली असतील. यशवंत लक्ष्मणकडं पाहुणा आलता, दोघं एका मोटरसायकलीवर चौदा ऑगस्टला दुकानात आले, उद्याच्या झेंड्याला पट्टी पाहिजे म्हणाले. गणवेशाची ही रास पडलेली, पांढरा दोरा संपलेला, म्हणून गणवेशाचा निळाच लावला. वेळ वाचावा म्हणून दोघांची मेडलं मी एकाच पातेल्यात रिठ्याच्या पाण्यात टाकली, अन् काढताना जोड्या लावल्या, एक ह्याला, एक त्याला, पंगतीत वाढल्यासारखं. कड बघितली न्हाई. भिंग समोरच्या खिळ्याला लटकत व्हतं.

यशवंत म्हणाला मास्तर काय झालं, पाणी देऊ का? मी सांगितलं सगळं. तो इतका हसला की त्याला ठसका लागला. म्हणाला तेरा वर्षं मी लक्ष्मणला छातीवर घेऊन झेंड्याला सलाम ठोकतोय, अन् त्यो माझ्याकडं शंभरदा येऊन जेवून गेला, त्याला पण कळलं न्हाई! मग ठसका थांबला तसा म्हणाला, ने. आधी बाईला दे. माझं मागनं पाठव, मला कुठं घाई हाय. अन् त्या पोराला सोडव बाबा.

येताना बसमध्ये जागा मिळाली, अन् बसून विचार करायला मिळाला तेच वाईट झालं. दोन्ही पट्ट्या माझ्या मांडीवर. दुकानात जाऊन चार टाके उसवले अन् बदलले की झालं. बाईला म्हणायचं सापडलं, मी शोधून आणलं. लोकांनी मला उचलून घेतलं असतं, कुणी सांगावं, भाऊंनी माझ्या तोंडाचं नाणं पण पाडलं असतं. यशवंत तेलगावात, त्याला कोण विचारायला जातंय? मांजरसुंब्यापर्यंत मी हे असंच धरून बसलो. मग घाट लागला, शेजारची बाई ओकायला लागली, तिला पिशवी पाहिजे व्हती, माझ्याकडं एकच पिशवी, मी पट्ट्या काढून खिशात घातल्या अन् पिशवी तिला दिली. सोहळ्यात मिळालेलीच व्हती, भाऊंचा फोटो असलेली. उतरताना ठरवलं, उद्या बाजार हाय, उद्याच सांगायचं, चार माणसांत.

दुसऱ्या दिवशी आधी सत्यभामाबाईंना बोलावलं. दोन्ही पट्ट्यांचे मागून फोटो काढून ठेवले, मग त्यांच्यासमोर टाके उसवले, त्यांच्यासमोर कड वाचली, लक्ष्मणचं नाव अक्षर अक्षर बोटानं दाखवलं. बाईंनी त्या कडेवरनं आपलं बोट फिरवलं. मग म्हणाल्या म्हणजे इतकी वर्षं मी त्या यशवंतालाच घाशीत व्हते? मी म्हणलं व्हय. तो कसा हाय, म्हणल्या. मी म्हणलं बरा हाय, ऐंशीचा झालाय. त्यावर बाई म्हणल्या, व्हणारच की, एवढं कुंकू लावलंय त्याला. मग त्या उठल्या अन् रस्ता ओलांडून संतोषच्या दुकानात गेल्या अन् म्हणल्या लेकरा, माझं चुकलं. त्यांच्या मागनं मी. भर बाजारात मी मोठ्यानं सांगितलं, मेडलं संतोषनं बदलली न्हाईत, माझ्या हातानं बदलली, तेरा वर्षांमागं, हे बघा टाक्यांचे फोटो. ग्रुपवर पण लिहिलं, तेच फोटो टाकले.

मला वाटलं, सुटलो. काय सांगू तुमाला, मी चोर चोर म्हणलं तेव्हा कुणी पुरावा मागितला न्हवता. आता पुरावा दिला तर कुणाला खरं वाटंना. ग्रुपवर कुणी अंगठा टाकला, कुणी डोळा मारलेलं चित्र. एकजण म्हणाला मास्तर, भाऊंनी दाबलं काय तुमाला? दुसरा म्हणाला, समोरासमोर दुकानं हायती, मिटवून घेतलं असंल, बरं केलं. तिसऱ्यानं तर शोधच लावला, म्हणाला ते टाके मास्तरनंच नंतर घातले, टेलरला काय अवघड? मी शाळेच्या हेडमास्तरांकडं गेलो, हात जोडले. ते म्हणाले आमचा विश्वास हाय हो, पण यंदाचं काम बीडला देऊन बसलोय. पुढच्या साली गेलो, पुढच्या साली पण देऊन बसले व्हते. मी जेवढं सांगायचो तेवढं लोक समजूतदारपणानं माना हलवायचे, अन् ती मान हलवणं मला पक्कं वळखू येतं, कावून की जन्मभर मी तशीच हलवली.

मग मी एक युक्ती काढली. रोज सकाळी संतोषच्या दुकानात जाऊन बसायचं, लोकांनी बघावं की मास्तरचा ह्याच्यावर विश्वास हाय. पंधरा-वीस दिवस बसलो. तो स्टूल पुढं करायचा, चहा सांगायचा, बोलायचा न्हाई. एक दिवस म्हणाला, मास्तर, राग मानू नका, तुमी हितं बसत जाऊ नका. मी म्हणलं का रे? तो म्हणाला तुमी बसलात की लोक म्हणतात, बघा, दोघं मिळालेले हायती.

उठलो. तवापासून गेलो न्हाई. आता रस्त्याच्या अलीकडनंच हात वर करतो. कधी तो पण करतो, कधी काम हाय असं दाखवतो, काम न्हाई हे मला दिसतंय. त्याच्या जागी मी असतो तर मी कधीच हात वर केला नसता. मेडलं अजून बसवतो, एका वेळी एकाच माणसाची, अन् तो माणूस समोर बसल्याशिवाय पाणी तापवत न्हाई. डोळे हायती तवर करायचं.

तुमी हे लिहून घेताय तर एक करा ताई. माझं नाव, माझ्या दुकानाची जागा, बसस्टँडच्या मागं, सगळं टाका. त्याचं खरं नाव टाकू नका. संतोष म्हणून मी सांगितलंय, तसंच राहू द्या. न्हाईतर लोक वाचतील अन् म्हणतील, आता तर छापून पण आणलं, म्हणजे नक्कीच काहीतरी असणार. या, जपून जा, सुखी राहा.